जागा थोड्या, सह्या अधिक

अमेरिकेंतील कॉलेजांच्या फुटबॉल संघांत ‘ओव्हरसाइनिंग’ नांवाची एक चाल बरीच गाजली. तिच्यांत नीतीचा एक प्रश्न गुंतलेला असल्यामुळें ती आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

सन २०२५ पर्यंत कित्येक वर्षें तेथील वरच्या श्रेणीच्या कॉलेजांस फुटबॉलसाठीं एका वेळीं ८५ च शिष्यवृत्त्या देतां येत. हायस्कुलांतील मुलांच्या सह्या हिंवाळ्यांत घेत; ८५ चा हिशेब मात्र ऑगस्टांत होई. समजा, जागा २० रिकाम्या होणार आणि सह्या २६ मुलांच्या घेतल्या. हेंच ओव्हरसाइनिंग होय.

या चालीच्या समर्थकांचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. कांहीं मुलें प्रवेशापुरते गुण मिळवीत नाहींत, कांहीं जायबंदी होतात, कांहीं धंदेवाईक खेळाकडे वळतात. मोजक्याच सह्या घेतल्या, तर कांहीं शिष्यवृत्त्या पडून राहतात आणि तितक्याच गरजू मुलांची संधि हुकते.

परंतु अंदाज चुकला म्हणजे भुर्दंड कोणास? नव्या मुलास ऐन वेळीं सांगण्यांत येई कीं, तूं जानेवारींत ये. तोंवर इतर कॉलेजांचीं दारें त्यानें आपल्याच सहीनें लावून घेतलेलीं असत. किंवा जुन्या खेळाडूची जागा जाई; कारण १९७३ पासून २०१२ पर्यंत शिष्यवृत्ति एका वेळीं एकाच वर्षाची असे आणि तिचें नूतनीकरण कॉलेजाच्या मर्जीवर असे.

सन २००९ मध्यें मिसिसिपी विद्यापीठानें ३७ सह्या घेतल्या, तेव्हां साउथईस्टर्न कॉन्फरन्सनें वर्षास २८ ची मर्यादा घातली. २०११ मध्यें ती २५ वर आणली. सन २०२५ मध्यें एका न्यायालयीन तडजोडीनें ८५ चा नियम जाऊन, तींत सामील झालेल्या कॉलेजांस १०५ खेळाडूंची मर्यादा लागू झाली. त्यामुळें जागा गमावणाऱ्या मुलांकरितां सवलत ठेवावी, असा आग्रह न्यायाधीशांनीं धरिला.

आमच्या मतें अंदाज बांधणें हा दोष नव्हे. तो मुलापासून लपविणें हा दोष होय. ‘जागा निश्चित नाहीं’ हें सहीपूर्वीं स्पष्ट सांगितलें, आणि हिशेब चुकल्यास त्याचा भार कॉलेजानें सोसला, तर कोणी फसला असें होणार नाहीं. संघाचा लाभ एका मुलाच्या वर्षाच्या मोलानें विकत घेणें मात्र कोणत्याही विद्यालयास शोभत नाहीं.