भाकर, गोडे पाणी आणि उपकारस्तुती

मराठी ख्रिस्ती माणसाच्या नित्याच्या प्रार्थनेत ‘उपकारस्तुती’ हा शब्द हमखास येतो. इतर मराठी भाषकांना तो फारसा परिचयाचा नाही. ‘आभारप्रदर्शन’ म्हटले की आपल्याला समारंभाचा शेवट, उठू लागलेले श्रोते आणि चपलांची शोधाशोध आठवते. उपकारस्तुती ही अशी शेवटी उरकून टाकण्याची बाब नव्हे. देवापुढे मागणे ठेवण्याआधी, जे मिळाले आहे त्याचे स्मरण करावे, अशी ती रीत आहे.

शब्दाची घडणही पाहण्यासारखी आहे. रोजच्या मराठीत उपकार हा ओझ्यासारखा असतो. तो फेडावा लागतो. न फेडल्यास माणूस मिंधा होतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाची कृपा फेडता येण्याजोगी नाही, आणि ती फेडावी अशी त्याची अपेक्षाही नाही. मग माणसाच्या हाती उरते ती स्तुती. परतफेडीच्या हिशेबातून सुटका झाल्याचा आनंद या जोडशब्दात आहे. ख्रिस्ती उपासनेचा केंद्रबिंदू असलेल्या प्रभुभोजनाला ग्रीक भाषेत ‘युखारिस्तिया’ म्हणतात. त्याचाही अर्थ आभार मानणे असाच आहे.

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत अन्नाची मागणी आहे, पण ती वर्षभराच्या धान्याची नाही, एका दिवसापुरती आहे. मराठी बायबलमध्ये त्या जागी ‘भाकर’ हा शब्द आहे. वऱ्हाडातील वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच ज्वारीची भाकर उभी राहते. बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यातले वरवट बकाल हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी आणि मध्ये खारपाणपट्टा, असा हा मुलूख. येथील भूगर्भातील पाणी खारे आहे, आणि संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा अनेक वर्षे होत आली आहे. नळ सोडला की पाणी येते, हे शहरात कोणाच्या लक्षातही येत नाही. या पट्ट्यात मात्र गोड्या पाण्याचा पेला ही नोंद घेण्यासारखी गोष्ट ठरते. रोजच्या कृतज्ञतेचा अभ्यास म्हणजे बहुतांशी ही नोंद घेण्याचाच अभ्यास होय.

अन्नाकडे आदराने पाहणे या परिसराला नवे नाही. जवळच्याच शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळींवरील अन्नाचे कण वेचून खाताना, असे त्यांचे भक्त सांगतात. जेवणापूर्वी श्लोक म्हणणारी आणि ताटावर हात जोडून प्रभूचे आभार मानणारी अशी दोन्ही घरे एकमेकांना परकी वाटण्याचे कारण नाही. वऱ्हाडात अकोला, खामगाव, बुलडाणा या भागांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकी संस्थेचे काम होते. तेथील ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थना मराठीतच रुजली.

ती रुजविण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा वाटा फार मोठा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी तुकारामांना दूर केले नाही. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पाश्चात्त्य चालींवरच्या भाषांतरित गीतांच्या जोडीला त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. त्यांची गीते ‘उपासना संगीत’मधून आजही गायिली जातात. धर्मांतरामुळे त्यांचा संसार काही वर्षे मोडला होता. लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, त्याआधीची ताटातूट ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनीच सांगितली आहे. स्तुतिगीते लिहिणारा माणूस सुखवस्तू होता, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून कठोर आहे. दुष्काळाच्या उपासमारीत त्यांनी आईवडील गमावले. पुढे भाऊ गेला, पती गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली व स्त्रिया केडगावला आणल्या आणि मुक्ति मिशन उभे राहिले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्याही स्थितीत, मूळ भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी १९२२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत सोडले नाही.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत बुलडाणा होता. पीक बुडालेल्या माणसाने कशाबद्दल आभार मानायचे? बायबलचे उत्तर पुष्कळांना वाटते तितके गुळगुळीत नाही. संत पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिताना सर्व परिस्थितीत आभार मानण्यास सांगितले आहे. ‘परिस्थितीत’ आणि ‘परिस्थितीबद्दल’ या दोन शब्दांत फार अंतर आहे. खाऱ्या पाण्याबद्दल किंवा कर्जाबद्दल देवाचे आभार मानावेत, असा त्याचा अर्थ होत नाही. जुन्या करारातील हबक्कूक संदेष्टा तर अंजीर फुलले नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, अशी यादीच देतो आणि मग देवाच्या ठायी आनंद करतो. तोटा तो लपवीत नाही. स्तोत्रसंहितेतही विलापाची स्तोत्रे विपुल आहेत. विलापाला मज्जाव करणारी कृतज्ञता बायबलमधली नव्हे, असेच म्हणावे लागेल.

प्रत्यक्ष साधना साधीच असते. रोज रात्री दिवसाचे परीक्षण करण्याची पद्धत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात सांगितली. तिच्या पाच पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. चुकांचा हिशेब त्यानंतर. गावाकडील मंडळ्यांत कापणीच्या सणाला शेतातले पहिले धान्य, भाजी, कोंबडी वेदीपुढे आणून ठेवतात. आधुनिक मानसशास्त्रही या विषयाकडे वळले आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ यांच्या २००३ मधील अभ्यासात कृतज्ञतेच्या नोंदी लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. फरक इतकाच, की वहीतल्या नोंदीला ऐकणारा कोणी लागत नाही, प्रार्थनेला लागतो. म्हणूनच मन प्रसन्न झाले की नाही, हे उपकारस्तुतीचे खरे माप ठरत नाही. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच, तोही शोमरोनी, परत येतो. बरे झाल्याचा आनंद उरलेल्या नऊ जणांनाही झालाच असेल; आभार मानायला मात्र ते परतले नाहीत.

त्याच शुभवर्तमानात आभाराच्या एका प्रार्थनेची फजितीही आहे. मंदिरात उभा राहिलेला परुशी देवाचे आभार मानतो ते आपण इतर माणसांसारखे नाही, शेजारच्या जकातदारासारखे तर मुळीच नाही, म्हणून. प्रार्थनेचे शब्द कृतज्ञतेचेच आहेत. उपास आणि दशमांशाचा हिशेबही चोख आहे. जकातदार आभार मानीत नाही, केवळ दया मागतो. येशूच्या मते नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.