बाळाच्या टाचेतील थेंब काय सांगतो?

जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आजार आढळतो. सूर्यमाळसारख्या डोंगरावरच्या गावात जन्मलेल्या बाळाला तो आहे का, हे पहिल्या आठवड्यातच कळू शकते. मात्र गावपातळीवर केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी त्यासाठी उपयोगी नाही. नवजात बाळाच्या रक्तात बहुतेक हिमोग्लोबिन गर्भावस्थेतलेच असते; सिकलचे अगदी थोडे. त्यामुळे सहा महिन्यांच्या आत ही चाचणी आजार असूनही ‘नाही’ असे उत्तर देऊ शकते.

मुळातला बदल अगदी लहान आहे. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलमध्ये त्यांतले फक्त सहावे बदलते: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी हे दाखवले. सुमारे १५,८६७ डाल्टन वजनाची साखळी या बदलाने अवघी ३० डाल्टनने हलकी होते.

हा फरक मास स्पेक्ट्रोमीटर पकडतो. बाळाच्या टाचेतील रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे ट्रिप्सिन हे विकर प्रथिनाचे ठरलेल्या जागी तुकडे करते. पहिल्या आठ अमिनो आम्लांच्या तुकड्यातच हा बदल सापडतो. द्रव क्रोमॅटोग्राफीच्या नळीत तुकडे वेगवेगळे होतात, विद्युतभारित फवाऱ्यातून यंत्रात शिरतात आणि तिथे त्यांचे वजन होते.

थोडेसे सिकल प्रथिन निसटू नये म्हणून तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. नमुन्यातले क्षार आधी काढावे लागतात, कारण ते प्रथिनांचा संकेत दाबतात. नळी बारीक आणि प्रवाह मंद ठेवला की थेंब सूक्ष्म होतात व अधिक तुकडे यंत्रात पोचतात. आणि यंत्राने सगळे न शोधता फक्त ठरलेली वजनेच शोधली, तर गोंगाट कमी होतो. इंग्लंडमधील काही प्रयोगशाळा नवजात बालकांची तपासणी मास स्पेक्ट्रोमीटरने करतात. आपल्याकडे एचपीएलसी हीच निदानाची प्रचलित चाचणी आहे.

लवकर कळण्याने काय साधते? सिकलच्या बाळांना न्यूमोकोकसचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात रोजच्या पेनिसिलिनने हा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. हे औषध साधे आणि स्वस्त आहे, पण आजार माहीत असेल तरच सुरू होते.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर बाळाच्या एचपीएलसी तपासणीबद्दल प्रसूतीआधीच डॉक्टरांशी बोलावे. निदान झालेल्या बाळाला ताप आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.