माणसाने माणसाला ओढू नये

कांदा घोडेगावच्या बाजाराला न्यायचा झाला की घरात पहिला प्रश्न निघतो, "टेम्पो ठरवला का?" गाडी कोणत्याही कंपनीची असो, आपल्या तोंडी ती टेम्पोच! हा शब्द मुळात एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे नाव. ती गाडी आपल्या देशात तयार करणारा उद्योजक मात्र आपल्या नगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. त्यांचे नाव नवलमल कुंदनमल फिरोदिया.

नवलमलजींचा जन्म १९१० सालचा. वडील कुंदनमलजी नगरचे नामांकित वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. अशा घरात वाढलेला मुलगा देशाच्या कामापासून दूर कसा राहील? १९४२ च्या लढ्यात नवलमलजींनीही तुरुंगवास पत्करला. त्याच दिवसांत पंडित नेहरू, सरदार पटेल आणि मौलाना आझाद नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते.

स्वातंत्र्य आले आणि नवलमलजी उद्योगाकडे वळले. त्या काळी कित्येक शहरांत माणूस माणसाला रिक्षात बसवून ओढत असे. उन्हातान्हात, पायात वहाण नसताना! हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. इटलीत माल वाहण्यासाठी निघालेली तीनचाकी स्कूटर त्यांच्या पाहण्यात आली आणि विचार सुचला, की मालाच्या जागी माणसे बसवली तर? १९४८ साली त्यांनी ही कल्पना मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे मांडली. आरंभी मोजकेच परवाने मिळाले. पण त्या लहानशा सुरुवातीतून ऑटोरिक्षा उभी राहिली आणि आज ती तालुक्याच्या एस. टी. स्टँडवरही उभी दिसते.

मंडळी, यातले मर्म ध्यानात घ्या. ओढणाऱ्याचे हाल थांबवायचे म्हणून रिक्षा नुसती बंद केली असती, तर त्याच्या घरची चूल विझली असती. त्याच्या हाती यंत्र द्यायचे, म्हणजे पाठ वाकणार नाही आणि भाकरीही जाणार नाही, असा हा मार्ग होता. मनातला कळवळा आणि धंद्याचा हिशेब येथे एकाच वाटेने चालले.

पुढे १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली. पुढे एक चाक, मागे दोन, अशी ती ठेंगणी गाडी भाजी, दूध, खतांची पोती वाहू लागली. ज्याला मोठा ट्रक परवडत नाही त्या लहान माणसाचा माल त्यामुळे बाजार गाठू लागला. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते.

घरही उद्योगात बरोबरीने होते. बंधू हस्तीमलजींनी कायनेटिक कंपनी उभारली आणि १९७२ साली लुना आणली. नगरच्या कारखान्यातली ती लुना शिक्षक, दूधवाले, ग्रामसेवक अशा कितीतरी जणांची सोबतीण झाली. नवलमलजींचे चिरंजीव अभय यांनी वडिलांच्या कारखान्याची धुरा पुढे वाहिली.

मिळवलेला पैसा तिजोरीत कोंडून ठेवायचा नाही, ही या घराची रीत. बिहारमधील राजगीर येथे नेत्रसेवा आणि शिक्षणाचे काम करणाऱ्या वीरायतन संस्थेला नवलमलजींनी मोठा आधार दिला. पुण्यातल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या विधी महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे. १९९७ साली ते गेले.

आपल्या हातून काही कारखाना निघणार नाही, असे तुम्ही म्हणाल. नसेना का! पण आपल्या शेतावर पोती कोण उचलतो, डोईवर पाण्याचा हंडा कोण वाहतो, कोणाची पाठ रोज वाकते, एवढे तरी आपण पाहू शकतो. पुढच्या हंगामात चार पैसे हाती आले, तर त्यातला पहिला खर्च त्या पाठीवरचे ओझे हलके करण्यासाठी करा. नवलमलजींची आठवण ठेवायची ती अशी.