ग्रहण, जनुकं आणि फॉलिक ॲसिडची गोळी



बाळ पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मलं, की गावात लगेच कुजबुज सुरू होते, "हिनं ग्रहणात भाजी चिरली असणार." सगळा दोष त्या पोरीच्या माथी! पण ग्रहणाचा याच्याशी काहीच संबंध नाही. मग हे होतं कशानं?

आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात. कोणतं जनुक चालू ठेवायचं, कोणतं बंद, यासाठी शरीर त्यावर बारीक रासायनिक खुणा करतं. याला मिथिलेशन म्हणतात. या कामाला फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात, आणि ती जेवणातूनच मिळतात.

'एमटीएचएफआर' नावाचं जनुक फोलेटला वापरण्याजोगं करतं. काहींच्या या जनुकात जन्मतः थोडा फरक असतो, त्यामुळे काम मंद चालतं. हा फरक आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. तो असला म्हणजे आजार होणारच असं नाही. फोलेट कमी पडलं तर धोका वाढतो, पुरेसं मिळालं तर बराच कमी होतो. जनुक आपल्या हातात नाही, पण ताट आहे.

वेळही महत्त्वाची. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं! आधीच्या बाळात असा दोष असलेल्या बायांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुढच्या बाळातला धोका ७२ टक्क्यांनी घटला, असं १९९१ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

बी-१२ विसरू नका. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायांमध्ये ते कमी आढळलं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणं रक्ततपासणीत जास्त दिसली. म्हणून दोन्ही हवीत.

आपण काय करायचं?

• मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे रोजच्या जेवणात ठेवा. भाजी फार शिजवू नका, पाणी फेकू नका.
• बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. घरातलं सगळं दूध डेअरीला घालू नका, सुनेसाठी, लेकीसाठी पेलाभर ठेवा.
• मूल हवं असेल तर किमान महिनाभर आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्या. आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा.
• आधीच्या बाळात दोष असेल, किंवा फिट, मधुमेहाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच भेटा. डोस वेगळा लागू शकतो.
• हातापायाला मुंग्या, सतत थकवा असेल तर बी-१२ तपासून घ्या. नुसत्या फॉलिक ॲसिडनं ही कमतरता झाकली जाते आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.
• जनुकांच्या महागड्या तपासणीवर बचतीचे पैसे घालवायची गरज नाही.

पुढच्या मासिक बैठकीत आशाताईंना बोलवा आणि हा लेख मोठ्यानं वाचा. सासवांनाही बसवा बरं का!