सोसायटीची खतावणी क्लाउडवर जाते तेव्हा

विविध कार्यकारी सहकारी संस्था, म्हणजे गावच्या बोलण्यातली ‘सोसायटी’, हे शेतकऱ्याच्या पीककर्जाचे सर्वांत जवळचे दार. तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक, त्यावर राज्य सहकारी बँक आणि सर्वांत वर नाबार्ड अशी ही उतरंड आहे. वरच्या पायऱ्यांवर संगणक कधीच पोहोचला. तळाची पायरी मात्र किर्द आणि खतावणीवरच चालत राहिली. केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जून 2022 रोजी देशातल्या 63 हजार सोसायट्या एकाच सामाईक संगणक प्रणालीवर आणण्याची योजना मंजूर केली. खर्च 2,516 कोटी रुपये आणि अंमलबजावणी नाबार्डकडे. पुढे संस्थांची संख्या 67 हजारांच्या पलीकडे गेली. त्यांतल्या सुमारे 12 हजार महाराष्ट्रातल्या आहेत.

या प्रणालीला ईआरपी, म्हणजे एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, म्हणतात. हा प्रकार कारखान्यांतून आला. माल, पैसा, माणसे आणि येणी-देणी यांच्या वेगवेगळ्या वह्या न ठेवता एकाच नोंदीतून सगळे हिशेब निघावेत, हे त्याचे सूत्र. कारखान्यापेक्षा जव्हार-मोखाड्यातल्या आदिवासी सोसायटीच्या उदाहरणाने ते जास्त स्पष्ट होते, कारण या संस्था फक्त कर्ज देत नाहीत. 1972 साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळासाठी त्या भात खरेदीही करतात. समजा, वांगणीच्या शेतकऱ्याने 10 क्विंटल भात केंद्रावर आणले. 2024-25 च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. म्हणजे 23 हजार झाले. वह्यांच्या पद्धतीत ही एक घटना साठा नोंदवही, बारदानाचा हिशेब, शेतकऱ्याचे देणे, महामंडळाकडचे येणे आणि संस्थेचे कमिशन अशी पाच ठिकाणी लिहावी लागते. पाचपैकी एक नोंद राहिली की वर्षअखेरीस ताळेबंद जुळत नाही. ईआरपीत वजनाची नोंद एकदा केली की बाकीच्या आपोआप पडतात. गोदामातून भात उचलताना पुन्हा वजन नोंदवले की सुकून आलेली घटही दिसते, आणि या धंद्यातले बरेच वाद त्या घटीवरूनच होतात.

क्लाउड म्हणजे हे सॉफ्टवेअर आणि त्यातला हिशेब संस्थेच्या संगणकात नसून दूरच्या मोठ्या संगणक केंद्रात असतो. संस्थेने इंटरनेटवरून तिथे जायचे, नोंद करायची आणि पावती छापायची. गावातला संगणक बिघडला किंवा कपाटाला वाळवी लागली तरी हिशेब शाबूत राहतो. व्याजाचा नियम बदलला की दुरुस्ती एकाच ठिकाणी होते आणि सगळ्या संस्थांना लागू पडते. एका खोलीत चालणाऱ्या संस्थेने स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस ठेवणे परवडण्याजोगे नसते, म्हणून हाच मार्ग व्यवहार्य आहे.

खरे काम मात्र यंत्र येण्याआधीचे असते. नव्या प्रणालीत पहिल्या दिवशीची शिल्लक भरावी लागते: प्रत्येक सभासदाचे शेअर्स, मुद्दल, येणे व्याज, बँकेचे देणे, मालसाठा. ही बेरीज जुळल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, आणि कित्येक ठिकाणी ती इथेच अडते. सहकार खात्याच्या भाषेत यातल्या एका दुखण्याला ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. समजा, सभासदांकडून संस्थेला 40 लाख येणे आहे आणि संस्थेला बँकेचे 48 लाख देणे आहे. सगळ्या सभासदांनी पै अन् पै भरली तरी 8 लाख कमीच पडणार. वसुलीचा पैसा दुसरीकडे खर्च होणे, बँकेचे व्याज चढत जाणे, सभासदांना सूट देणे, क्वचित अपहार अशी त्याची कारणे असतात. वहीत ही तफावत वर्षानुवर्षे पुढे ओढता येते. संगणकात ती पहिल्याच दिवशी आकड्यात मांडावी लागते. सॉफ्टवेअर तफावत भरून काढत नाही. ती झाकून ठेवणे तेवढे अवघड करते. संगणकाबद्दल काही संस्थांची नाखुशी इंटरनेटच्या अडचणीपेक्षा याच कारणाने असावी, असे म्हणायला जागा आहे.

दुसरी अडचण नावांची. एकच माणूस सभासद नोंदवहीत रामा, सातबाऱ्यावर राम्या आणि आधार कार्डावर रामू असतो. मयत सभासदाचे खाते तसेच चालू असते, कारण वारसनोंद झालेली नसते. सामाईक सातबाऱ्यावर चार भाऊ असतात. वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा कसणाऱ्याच्या नावे तर बऱ्याचदा स्वतंत्र सातबाराही नसतो. 2017 च्या राज्य कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज आणि बँकांच्या याद्या यांचा मेळ बसवताना काय ओढाताण झाली, हे शेतकऱ्यांच्या लक्षात आहे. म्हणून माहिती भरण्याआधी प्रत्येक खाते सभासदाला दाखवून, वाचून त्याची सही किंवा अंगठा घेणे हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी टप्पा होय. दिवाळीनंतर माणसे वीटभट्ट्यांवर जातात. त्यामुळे जव्हार-मोखाड्यात हे काम त्याआधी तरी उरकावे, नाहीतर ती परतल्यावर करावे. ओळख यंत्रावरच्या ठशाने पटवायची तर भट्टीवर राबलेल्या बोटांचा ठसा यंत्र कित्येकदा ओळखत नाही, तेव्हा ओळख पटवण्याची दुसरी सोयही हवी.

प्रणाली चालवायची गटसचिवाने, म्हणजे संस्थेचे दप्तर सांभाळणाऱ्या सचिवाने. त्याच्याकडे बहुधा एकापेक्षा जास्त संस्था असतात. नव्या पद्धतीत रोजच्या रोज ‘दिवसअखेर’ करावी लागते, म्हणजे त्या दिवसाचे व्यवहार आणि हातची रोख जुळवून दिवस बंद करायचा. आठवड्यातून दोनदा गावात येणाऱ्या सचिवाला ही शिस्त जड जाते. त्यातच खरीप कर्जवाटपाची घाई आणि पावसाची सुरुवात एकत्र येतात. वीज जाते, नेटवर्क तुटते. बॅटरी बॅकअप, दोन कंपन्यांची सिमकार्डे आणि संस्थेसाठी एक स्थानिक, शिकलेला मदतनीस यांवर होणारा खर्च फालतू मानू नये.

सभासदाला याचा थेट लाभ तारखेत दिसतो. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज सवलत मिळते. खरीप कर्जाची मुदत साधारण 31 मार्च. वहीत मागची तारीख टाकता येते, तशी पुढचीही पडू शकते, आणि एका दिवसाच्या फरकाने सवलत जाते. प्रणालीत भरण्याची नोंद झाली त्या दिवसाची तारीख उमटते आणि तीच बँकेलाही दिसते. बँक, सहकार खाते आणि नाबार्ड यांना संस्थेची स्थिती वर्षाच्या लेखापरीक्षणाची वाट न पाहता कळते. संचालक मंडळाने मात्र प्रत्येक मासिक सभेत छापील तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा तक्ता, मागून ती वाचली पाहिजे; नाहीतर संस्थेचा हिशेब मुंबई-दिल्लीत माहीत आणि गावात कोणालाच नाही, अशी उलटी गत होईल.

सुरुवातीचे काही महिने वही आणि संगणक दोन्ही चालवून रोजची शिल्लक ताडून पाहतात. दुप्पट कामामुळे सचिव वैतागतो, पण चुका याच काळात सापडतात. लेखापरीक्षकाने सुरुवातीची शिल्लक प्रमाणित केली की जुन्या वह्या नव्या नोंदींसाठी बंद होतात; वाद, वारसनोंदी आणि न्यायालयीन कामांसाठी त्या कुलपात जपून ठेवाव्या लागतात.