घरून ऑफिसचा कॉम्प्युटर उघडत नाही? एकेक करून हे तपासा

वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ६ जून २०२५ रोजी उमीद पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली. ज्यांनी हे काम केलं त्यांना ती धावपळ आठवत असेल. दिवसभर धंदा-नोकरी, म्हणून आम्ही इशानंतर घरून बसायचो. पण निजामकाळातला मुन्तखब, सातबारा, पीआर कार्ड, सगळं स्कॅन करून ठेवलेलं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर! एका रात्री घरून जोडायला गेलो तर समोर एकच शब्द, ‘ऑफलाइन’. तासभर पासवर्ड बदलून पाहिले. सकाळी जाऊन बघतो तर काय, लाईट जाऊन आली होती आणि कॉम्प्युटर बंदच होता.

तेव्हापासून आम्ही एक क्रम ठरवला आहे. मशिदीचं ऑफिस असो, मदरशाचं असो की एमआयडीसीतल्या कारखान्याचं, हाच क्रम कामाला येतो.

१. कॉम्प्युटर जागा आहे का?

बहुतेक वेळा दोष इथंच असतो. जो कॉम्प्युटर बंद आहे किंवा झोपलाय, त्याला घरून कोणीच उठवू शकत नाही (त्यासाठी वेगळी सोय असते, पण ती आधी करून ठेवावी लागते). विंडोजच्या सेटिंग्जमध्ये पॉवरमध्ये जाऊन ‘स्लीप’ समोर ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते. लाईट आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये असते; नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडून ती एकदा चालू करून घ्या. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर तो झोपतो, हेही लक्षात ठेवा.

२. नेट आहे का?

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि राऊटर साध्या प्लगवर, हे चित्र आपल्याकडे फार दिसतं. लाईट गेली की कॉम्प्युटर चालू, पण नेट गायब. राऊटरही इन्व्हर्टरवर घ्या. दोष घरचा की ऑफिसचा, हे ओळखणं सोपं आहे. घरचं वायफाय सोडून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडून बघा. तेव्हा जोडलं गेलं, तर दोष घरच्या नेटचा.

३. प्रोग्राम योग्य आहे का?

विंडोजचा स्वतःचा ‘रिमोट डेस्कटॉप’ अनेकांना माहीत आहे. पण ज्या कॉम्प्युटरला जोडायचंय त्यात ‘होम’ आवृत्ती असेल, तर तो बाहेरून कुणाला आत घेतच नाही, ‘प्रो’ लागते. दुसरी अडचण पत्त्याची. बऱ्याच कंपन्या एकच इंटरनेट पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. त्यामुळे बाहेरून तुमच्याच ऑफिसचं दार सापडत नाही.

क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा एनीडेस्कमध्ये ही अडचण येत नाही. तिथं दोन्ही कॉम्प्युटर स्वतःहून मधल्या सर्व्हरशी बोलतात आणि तिथं त्यांची गाठ पडते. मात्र एनीडेस्क ‘इन्स्टॉल’ करा आणि त्यात कायमचा पासवर्ड ठेवा. नाहीतर ऑफिसात बसून कुणीतरी ‘ॲक्सेप्ट’ दाबावं लागतं, आणि रात्री अकराला तिथं कोण असणार?

४. पासवर्ड तोच आहे का?

ऑफिसात रोज चार आकडी पिन टाकून विंडोज उघडतो, तो पिन रिमोट डेस्कटॉपला चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पासवर्डच ठेवलेला नसेल तरीही विंडोज बाहेरून आत घेत नाही. क्रोममध्ये दोन्हीकडे एकच गुगल खातं हवं, शिवाय रिमोटसाठी ठरवलेला पिन हवा. तो किमान सहा आकडी असतो. आणि एक साधी चूक: कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, आपण मात्र इंग्रजी समजून पासवर्ड टाकत बसतो!

आता सगळ्यात महत्त्वाचं

जोडणी होत नाही म्हणून वैतागून राऊटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट थेट उघडू नका. रिमोट डेस्कटॉपचं हे ठरलेलं दार आहे आणि हॅकर ते सतत शोधत असतात. एकदा आत शिरले की फाईलींना कुलूप लावून खंडणी मागतात.

दुसरा धोका फोनवरचा. ‘तुमची नोंदणी अपुरी आहे, एनीडेस्क टाका, नंबर सांगा, आम्ही दुरुस्त करतो,’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. तो नंबर सांगून परवानगी दिली म्हणजे घराची चावी परक्याच्या हातात दिली. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. चूक झालीच, तर आधी नेट बंद करा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा. लाजून गप्प बसू नका. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची आशा कमी.

आमच्या त्या रात्रीचा धडा शेवटी वेगळाच निघाला. मशिदीचे, कब्रस्तानचे कागद ही अमानत आहे. ती एकाच कॉम्प्युटरच्या भरवशावर ठेवणं बरं नाही. आता स्कॅनची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, दुसऱ्या जबाबदार माणसाच्या घरी असते. कॉम्प्युटर रुसला तरी काम अडत नाही.