४६ अंशांवर किती टन?

नागपुरात कोणी नवी इमारत बांधायला घेतली की माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, एकूण टन किती लागतील ते सांगून द्या न." व्हीआरसीई कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून बाहेर पडले तेव्हापासून मी एसीच्या डिझाइनचंच काम करते आहे. दुकानं, दवाखाने, बँका, शिकवणी वर्ग, मंगल कार्यालयं, सगळीकडे हाच प्रश्न. त्याचं तयार उत्तरही बाजारात आहे : दीडशे चौरस फुटांना एक टन. या हिशेबानं मशीन बसतं, आणि नवतपा लागला की फोन येतात, "सकाळपासून चालू आहे, पण दुपारी थंडच होत नाही."

टन हे थंडाव्याच्या ताकदीचं माप. एक टन म्हणजे खोलीतली साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता उचलून बाहेर टाकण्याची क्षमता. तेव्हा खरा प्रश्न असा हवा की या इमारतीत उष्णता येते कुठून, किती वाजता येते आणि ती येऊच न देणं किती जमेल. त्याचं उत्तर कॅटलॉगमध्ये नसतं, नकाशात असतं.

वर्धा रोडवरची एक तीन मजली इमारत उदाहरणाला घेते. प्रत्येक मजला तीन हजार चौरस फुटांचा. तळमजल्यावर बँक, पहिल्यावर पॅथॉलॉजी लॅब, दुसऱ्यावर शिकवणी वर्ग. रस्ता पश्चिमेला, म्हणून दर्शनी बाजू पश्चिमेला, आणि दर्शनी म्हणून तिला वरपासून खालपर्यंत साधी काच. मालक आले तेव्हा त्यांच्या हातात ६० टनांचं कोटेशन होतं. नऊ हजार भागिले दीडशे.

आम्ही आधी काच मोजली. ती भरली १०० चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी चारनंतर पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन येतं. साधी काच त्यातला सुमारे ८० टक्के ताप आत सोडते. म्हणजे ४८ किलोवॅट, जवळजवळ साडेतेरा टन, नुसत्या काचेतून. हीच काच ३० टक्केच ताप सोडणारी घेतली तर हा आकडा पाच टनांवर येतो. साडेआठ टन वाचले, आणि तेही दरवर्षी, वीज न खाता. काचेच्या बाहेरून उभ्या पट्ट्या दिल्या तर आणखी वाचतात. आतून लावलेल्या पडद्यांचा उपयोग थोडाच, कारण ऊन एकदा काच ओलांडून आत आलं की ते खोलीचंच झालं.

मालकांना काचेचा वाढीव खर्च टोचत होता. मी त्यांना साडेआठ टनांची मशिनं, त्यांची केबल, महावितरणकडून घ्यावा लागणारा जादा मंजूर भार आणि मोठा जनरेटर यांची किंमत काचेच्या किमतीशेजारी मांडून दाखवली. मग काच बदलली. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवले आणि त्यावर उंच सांगाड्यावर सोलर पॅनेल घेतले. वीज मिळाली ती मिळालीच, शिवाय वरच्या स्लॅबला दिवसभर सावली मिळाली. शिकवणी वर्ग त्याच स्लॅबखाली होते.

एवढं झाल्यावर मशीनचा विषय काढला, आणि तिथे मी प्रत्येक मालकाला जो प्रश्न विचारायला सांगते तो विचारायला लावला : हे मशीन ४६ अंशांवर किती टन देतं? पत्रकावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ३५ अंश कुठले? पारा चढतो तशी मशीनची क्षमता घटते आणि वीज मात्र वाढते. ४६ अंशांवर क्षमता दहा-पंधरा टक्क्यांनी खाली येणं नेहमीचं आहे. म्हणजे दहा टनांचं मशीन ज्या दुपारी तुम्हाला सगळ्यात जास्त हवं असतं, त्याच दुपारी साडेआठ-नऊ टनांचं होतं. उष्ण प्रदेशांसाठी ४६ अंशांवरची वेगळी चाचणी असते, आणि चांगल्या कंपन्यांकडे तिचे तक्ते तयार असतात. मागितले की मिळतात. मागत कोणी नाही.

मे २०२४च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. पुढे सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्यानं केला. पण त्या दोन दिवसांत लोकांनी मला घाबरून फोन केले, आमचा एसी चालेल का म्हणून. मी त्यांना सांगितलं, केंद्रावरचा आकडा सोडा, तुमचं आउटडोअर जिथे टांगलंय तिथे थर्मामीटर लावा. सीताबर्डीच्या, धरमपेठेच्या कितीतरी इमारतींत मागच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक आउटडोअर लावलेले असतात. खालच्यानं सोडलेली गरम हवा वरचा ओढतो, त्याची त्याच्या वरचा. शहरात ४४ असताना त्या डक्टमध्ये पन्नाशी सहज ओलांडली जाते, आणि वरच्या मजल्यांची मशिनं एकामागून एक ट्रिप होतात. मशीन चांगल्या कंपनीचं असतं, जागा वाईट असते. वर्धा रोडच्या इमारतीत आम्ही सगळे आउटडोअर गच्चीवर उत्तरेच्या अंगाला, मोकळ्या हवेत, एकमेकांपासून अंतर राखून ठेवले.

नागपूरकराला एसीआधी कूलर माहीत आहे. वाळ्याच्या ताट्या, लाकडाच्या तंतूंचे पॅड, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला मोठा पेटी-कूलर. मार्च संपत आला की अख्ख्या शहरात तेच काम चालतं. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच हे. आपला उन्हाळा कोरडा आहे, म्हणून पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. ४४ अंशांची हवा चांगल्या पॅडमधून गेली तर २७-२८ अंशांवर येते. मुंबईला हे जमणार नाही. म्हणून व्यापारी इमारतीतसुद्धा कूलरला मोडीत काढू नका, असं मी आग्रहानं सांगते. गोदाम, कँटीनचं स्वयंपाकघर, वर्कशॉप, मंगल कार्यालयाचा मोठा हॉल, अशा ठिकाणी डक्ट कूलर किंवा दोन टप्प्यांचा बाष्पीभवन कूलर एसीच्या मानानं फार थोड्या विजेत काम करतो. दोन टप्प्यांच्या कूलरमध्ये हवा आधी ओली न करता थोडी गार होते आणि मग पॅडमधून जाते, त्यामुळे जास्त गार आणि कमी दमट मिळते. मात्र जुलै उजाडला की हे सगळं थांबतं. हवेतच पाणी भरलेलं, आणखी उडणार कुठे? लॅबसारख्या ठिकाणी, जिथे बारा महिने तापमान आणि दमटपणा दोन्ही सांभाळायचे असतात, तिथे कूलरवर विसंबता येत नाही.

आता ताजी हवा. या विषयावर मी थोडी जास्त बोलते, कारण आपल्या शहरातल्या मुलांच्या डोक्याशी त्याचा संबंध आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. साठ मुलं, दारं-खिडक्या बंद, दोन तासांचा तास. मुलांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो, मुलं जांभया देतात, आणि शिक्षक त्यांना लक्ष नाही म्हणून रागावतात. दर मुलामागे सेकंदाला आठ लिटर ताजी हवा धरली तर साठ मुलांना सेकंदाला ४८० लिटर लागते. ही हवा २४ अंशांवर आणायला मेमध्ये सुमारे तीन टन लागतात. ऑगस्टमध्ये? पाच. ऑगस्टमध्ये बाहेर ३० अंशच असतात, पण त्या हवेतली वाफ काढून टाकायला नुसत्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. नागपूरचा एसी मेमध्ये पास झाला म्हणजे वर्षभर पास झाला असं नव्हे. शिकवणी वर्गाला आम्ही बाहेर जाणाऱ्या गार हवेकडून आत येणाऱ्या हवेला गारवा देणारं एनर्जी रिकव्हरी युनिट बसवलं. निम्म्याहून जास्त भार त्यानंच उचलला. तो खर्च वाचवायला मालक तयार होते. मी तयार नव्हते.

राहिली पद्धत. बँक दहा ते पाच, लॅब सकाळी सातपासून रात्रीपर्यंत, नमुन्यांची खोली चोवीस तास, वर्ग सकाळी आणि संध्याकाळी. अशा वेगवेगळ्या वेळा आणि वेगवेगळे भाडेकरू असले की एकच मोठा चिलर बसवून तो अर्ध्या भारावर रखडत चालवणं परवडत नाही. तिथे व्हीआरएफ योग्य : एक आउटडोअर, त्याला तांब्याच्या पाइपनं जोडलेले अनेक इनडोअर, आणि गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर. आम्ही प्रत्येक मजल्याला वेगळं व्हीआरएफ दिलं, वेगळा मीटर दिला, आणि नमुन्यांच्या खोलीला दोन स्वतंत्र स्प्लिट दिले. एक बंद पडला तर दुसरा. व्हीआरएफचा धोका पाइपमध्ये आहे. एका जोडातून गॅस गळला तर त्या सर्किटवरच्या सगळ्या खोल्यांचा एसी बंद पडतो. म्हणून फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि किमान एक दिवस काटा हलला नाही हे स्वतः पाहा.

तीनशे-चारशे टनांचं रुग्णालय किंवा मॉल असेल तर चिलर. पाण्यानं थंड होणारा चिलर हवेवरच्या चिलरपेक्षा वीज बरीच कमी खातो, पण त्याला कूलिंग टॉवर लागतो आणि टॉवर पाणी पितो. १०० टनांचा टॉवर पूर्ण भारावर तासाला आठ-नऊशे लिटर पाणी संपवतो. दहा तासांत जवळजवळ एक टँकर. २०१९च्या जुलैत तोतलाडोहचा जलाशय आटला आणि महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं, ते नागपूरकर विसरले नसतील. पिण्याचं पाणी टॉवरवर उडवणं मला मान्य नाही. आवारातच सांडपाणी शुद्ध करून ते टॉवरला द्यायची सोय असेल तर पाण्याचा चिलर घ्या, नाहीतर वीज थोडी जास्त गेली तरी हवेवरचा घ्या. बोअरचं जड पाणी थेट टॉवरला देणाऱ्यांनी कंडेन्सरच्या नळ्यांत साचणारा क्षार आधी बघावा.

जुन्या मॉलमधून उतरवलेली आर-२२ गॅसची मशिनं स्वस्तात विकायला येतात. घेऊ नका. मॉन्ट्रियल करारानुसार २०३०पर्यंत तो गॅस बाजारातून जातो आहे. आर-४१०एची जागा आता आर-३२ घेतो आहे. त्याचा पृथ्वी तापवण्याचा गुणांक ६७५, आर-४१०एचा २०८८. आर-३२ थोडासा पेट घेणारा आहे, तेव्हा लहान बंद खोलीत किती गॅस फिरणार हे डिझायनरकडून तपासून घ्या.

सगळं मोजून झालं तेव्हा वर्धा रोडची इमारत ४४ टनांत बसली, आणि ते टन ४६ अंशांवरचे होते.

शेवटी एक विनंती, मालकांना आणि आर्किटेक्टनाही. आउटडोअर दुरुस्त करणारा मुलगा बहुतेक वेळा मे महिन्याच्या दुपारीच येतो, कारण मशीन तेव्हाच बंद पडतं. आपल्या शहरात तो छज्ज्याच्या कडेवर एक पाय ठेवून, खिडकीच्या गजाला दोर बांधून, तापलेल्या पत्र्याशी काम करतो. चौथ्या मजल्यावरसुद्धा. प्रत्येक आउटडोअरसमोर तीन फुटांची पक्की वाट, कंबरेइतका कठडा, वर सावलीचा पत्रा आणि सुरक्षा पट्टा अडकवायला भिंतीत एक हूक, एवढं नकाशातच दाखवा. प्लॅस्टर व्हायच्या आत ते करून घ्या. नंतर ते कोणी करत नाही.